पोच आणि परीक्षण : छत्तीसगढातील लहान पुस्तकांच्या नोंदीचा इतिहास

भिलाईचे सिविक सेंटर हा पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील बाजाराचा आणि सार्वजनिक इमारतींचा भाग असून त्याचा इतिहास कारखान्याच्या इतिहासाहून जुना नाही. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कामगारांसाठी व अभियंत्यांसाठी क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची वसाहत उभी राहिली. त्यामुळे ग्रंथव्यवहाराच्या अभ्यासकाला या जागी एकोणिसाव्या शतकातला छापखाना किंवा वाचनालय सापडणार नाही. तरीही त्या अभ्यासात ही जागा वगळता येत नाही, कारण मुंबई–हावडा लोहमार्गावर तिच्या एका बाजूला रायपूर आणि दुसऱ्या बाजूला राजनांदगाव आहे. रायपूरशी माधवराव सप्रे यांचे आणि राजनांदगावशी गजानन माधव मुक्तिबोध यांचे नाव जोडलेले आहे. मराठी घरांत जन्मून हिंदीत लिहिणाऱ्या या दोघांच्या कार्यात, थोड्या भांडवलावर निघालेल्या पुस्तकाशी टीकाकाराने आणि सूचिकाराने कसे वागावे, या प्रश्नाचा काही दशकांचा धागा सापडतो.

लहान प्रकाशन म्हणजे येथे असे पुस्तक अभिप्रेत आहे, की जे लेखकाने पदरमोड करून, चार मित्रांनी वर्गणी काढून किंवा गावातील एखाद्या संस्थेने काही शे प्रतींपुरते छापलेले असते, ज्याला वितरक नसतो आणि ज्याची विक्री बहुधा ओळखीपाळखीने होते. अशा पुस्तकाला वाचकापर्यंत नेणारे तीन निरनिराळे व्यवहार आहेत. पहिला व्यवहार पोच देण्याचा, म्हणजे आलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत यांची कोणतेही मत न देता केलेली नोंद. मराठी मासिकांत ‘साभार पोच’ या मथळ्याखाली ती छापण्याची रीत आहे. दुसरा परीक्षणाचा, ज्यात पुस्तक वाचून त्याचे गुणदोष कारणांसह सांगितले जातात. तिसरा शिफारशीचा, ज्यात हे पुस्तक घ्यावे असे सुचवले जाते, मग ते प्रस्तावनेतून असो, जाहिरातीतून असो, पुरस्काराने असो की खरेदीच्या यादीने असो. या तिन्हींची नीती एक नाही. पोच सर्वांना मिळाली पाहिजे, परीक्षण निर्भीड असले पाहिजे, आणि शिफारस करणाऱ्याचा त्या पुस्तकाशी असलेला संबंध वाचकाला ठाऊक असला पाहिजे. लहान पुस्तकांवर आजवर झालेले बहुतेक अन्याय हे तीन व्यवहार एकमेकांत मिसळल्यामुळे झालेले दिसतात.

पोच देण्याची सर्वांत व्यापक व्यवस्था साहित्यिकांनी नव्हे, तर परक्या सरकारने केली, आणि तिच्यामागे साहित्यप्रेमापेक्षा पाळतीचा हेतू मोठा होता. १८५७ च्या उठावाला दहा वर्षे होतात न होतात तोच १८६७ चा पंचविसावा कायदा आला. छापखान्यांची व पुस्तकांची नोंदणी करणाऱ्या या कायद्याने मुद्रकाला प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत सरकारकडे जमा करणे भाग पाडले, आणि जमा झालेल्या पुस्तकांची तिमाही सूची प्रांतिक राजपत्रासोबत छापली जाऊ लागली. त्या सूचीतील रकाने नीट पाहण्याजोगे आहेत: पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक वा अनुवादक, विषय, छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक व प्रकाशक यांची नावे, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, छपाई खिळ्यांची की शिळाप्रेसवरची, किंमत आणि हक्कधारकाचे नाव व पत्ता. एखाद्या खेड्यातल्या भजनांचे चोपडे आणि मुंबईच्या विद्वानाचा जाडजूड ग्रंथ यांना या रकान्यांत सारखीच जागा मिळाली. महादेव गोविंद रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा घेतला, तो अशा सरकारी नोंदींचा आधार नसता तर घेताच आला नसता. सरकारचा हेतू काहीही असो, कोणते पुस्तक नोंदीला पात्र आणि कोणते अपात्र, हा प्रश्नच त्या सूचीने विचारला नाही, आणि म्हणून आज ज्यांची एकही प्रत हाती येत नाही अशा कित्येक पुस्तकांचे अस्तित्व तिच्यामुळे कळते.

परीक्षणाचा इतिहास मात्र निवडीचा इतिहास आहे. १८६७ मध्येच रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादकत्वाखाली ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले आणि नव्या मराठी पुस्तकांची सविस्तर परीक्षणे छापण्याची परंपरा त्याने रुजवली; जानेवारी १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाला’ काढली आणि तिच्या चौऱ्याऐंशी अंकांतून टीका हा मराठी गद्याचा एक तेजस्वी प्रकार झाला. ग्रंथकार कितीही थोर असला तरी त्याचा ग्रंथ तपासून पाहावा, स्तुती आणि परीक्षण यांत फरक करावा, हा संस्कार मराठी वाचकावर प्रामुख्याने चिपळूणकरांनी केला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण त्याच ‘निबंधमाले’त जोतीराव फुले यांच्या लेखनाची आणि सत्यशोधक समाजाच्या अहवालाची जी संभावना झाली, ती टीकेच्या नीतीच्या दृष्टीने सदोष होती. फुल्यांची पुस्तके हे लहान प्रकाशनाचे अगदी प्रातिनिधिक उदाहरण आहे. १८७३ मधील ‘गुलामगिरी’मागे कोणताही सरकारी आश्रय किंवा विद्वानांची मंडळी उभी नव्हती. चिपळूणकरांनी त्या लेखनातील व्याकरणाची आणि शुद्धलेखनाची यथेच्छ थट्टा केली. परंतु जातिव्यवस्थेने शिक्षण नाकारलेल्या माणसांचे जे गाऱ्हाणे त्यात मांडले होते, त्याच्या खरेखोटेपणाचा शोध घेण्याचे परीक्षकाचे मुख्य काम त्यामुळे बाजूलाच राहिले. भाषेचे दोष दाखवणे गैर नाही. मात्र ज्याच्याजवळ मुद्रितशोधक नाही, पंडित मित्र नाही आणि दुसरी आवृत्ती काढण्याइतके पैसे नाहीत, त्याच्या पुस्तकाचा निकाल केवळ त्या दोषांवर लावणे म्हणजे पुस्तकाऐवजी त्याच्या गरिबीचे परीक्षण करणे होय. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले, आणि जे लोक सर्व मानवांचे हक्क आचरणात मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपले जुळणार नाही, असे त्यात बजावले. परीक्षकांवरचा विश्वास उडालेल्या लेखकाचे ते मराठीतले पहिले ठळक निवेदन मानावे लागते.

चिपळूणकरांचा हा वारसा, त्याच्या गुणांसह, नर्मदेपलीकडे आणि छत्तीसगढात पोहोचण्याची वाट आधीच तयार झाली होती. १७४१ पासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली किंवा प्रभावाखाली होता, बिंबाजी भोसले तर रतनपूरला राहून कारभार पाहत होते, आणि पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूरच राहिल्याने मराठी कुटुंबांची ये-जा थांबली नाही. अशाच एका कुटुंबात १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे माधवराव सप्रे यांचा जन्म झाला. बिलासपूर आणि रायपूर येथे त्यांचे शिक्षण झाले; सरकारी नोकरीचा मार्ग न धरता त्यांनी पेंड्राच्या जमीनदारीत राजकुमाराला इंग्रजी शिकवण्याचे काम पत्करले, आणि त्या आडगावातून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि प्रकाशनाचा भार उचलणारे वामन बळीराम लाखे, हे त्यांचे दोन्ही सोबती मराठीच होते. त्याच महिन्यात अलाहाबादच्या इंडियन प्रेसमधून ‘सरस्वती’ निघाली, जिच्यामागे भांडवल, उत्तम छपाई आणि नागरी प्रचारिणी सभेचे पाठबळ होते. ‘छत्तीसगढ मित्र’जवळ यांपैकी काही नव्हते, स्वतःचा छापखानाही नव्हता.

अशा मासिकाने पहिल्याच अंकात आपल्या उद्देशांत पुस्तकांच्या समालोचनेला स्थान द्यावे, ही बाब फार बोलकी आहे. हिंदीत जो केरकचरा साचत चालला आहे तो साचू नये, यासाठी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवर मार्मिक विद्वानांकडून टीका करवून घेण्याचा संकल्प संपादकांनी जाहीर केला. समालोचना म्हणजे पुस्तकाचे सर्व बाजूंनी केलेले परीक्षण. हिंदी मासिकांत तोवर पुस्तकांवर चार ओळींचा गोड अभिप्राय देण्याकडे कल होता, त्या जागी सप्रे यांनी सविस्तर आणि कारणमीमांसा करणारे लेखन आणले. श्रीधर पाठक यांच्यासारख्या नावाजलेल्या कवीच्या काव्यावरही त्यांनी विस्ताराने लिहिले. हिंदी समीक्षेच्या इतिहासकारांनी पुस्तक-समीक्षेच्या आरंभकर्त्यांत सप्रे यांना मानाचे स्थान दिले आहे, आणि ते देताना त्यांच्या मराठी वाचनाचा उल्लेख टाळता येत नाही. ज्या माणसाने पुढे ‘दासबोध’, टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथ हिंदीत आणला, त्याने त्याआधी मराठी नियतकालिकांची परीक्षणाची शिस्त हिंदीत आणली होती.

सप्रे यांचे वैशिष्ट्य असे, की तोट्यात चालणाऱ्या मासिकाला लेखकांची आणि प्रकाशकांची मर्जी सांभाळण्याचा मोह सर्वांत अधिक असतो आणि त्यांनी नेमक्या त्याच परिस्थितीत परीक्षणाचा निकष कडक ठेवला. छोट्या नियतकालिकाकडे जे पुस्तक येते ते बहुधा ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का किंवा हस्ताक्षर घेऊन येते. लेखकाने स्वखर्चाने पाठवलेली ती प्रत नियतकालिकाच्या दृष्टीने भेट असते आणि लेखकाच्या दृष्टीने मूक विनंती. ती स्वीकारल्याने स्तुतीचे कर्ज होत नाही, हे तत्त्व बोलायला सोपे आणि गावच्या पातळीवर पाळायला फार अवघड आहे. ‘छत्तीसगढ मित्र’ तीन वर्षे चालले आणि १९०२ अखेर पैशांअभावी बंद पडले. एप्रिल १९०१ च्या अंकात आलेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट हिंदीतल्या पहिल्या कथांपैकी एक म्हणून गाजली आणि तिच्यामुळे मासिकाचे नाव टिकले. पण त्यातील समालोचनांची कामगिरी तिच्याहून कमी मोलाची नव्हती.

तरी ‘केरकचऱ्या’च्या त्या भूमिकेत एक धोका होता आणि तो सप्रे यांच्यापुरता मर्यादित नव्हता. भाषा स्वच्छ ठेवण्यासाठी परीक्षण करायचे, असे एकदा ठरले की जे पुस्तक परीक्षकाला क्षुल्लक वाटते त्याची नोंदच करू नये, असे वाटू लागते आणि मौन हीच टीका ठरते. मोठ्या प्रकाशकाच्या पुस्तकाला हे मौन बाधत नाही, कारण ते दुकानात दिसते. लहान पुस्तकाच्या बाबतीत मात्र मौन म्हणजे नामशेष होणे. या धोक्यावरचे उत्तर मराठीत एका एकट्या माणसाने दिले. पुण्याचे शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयोग्रंथालयी हिंडून १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची तयार केली आणि तिचा १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दाते यांनी ग्रंथांना गुण दिले नाहीत. कीर्तनाची पोथी, व्यायामाचे पुस्तक, स्वयंपाकाची पुस्तिका, नाटक आणि तत्त्वज्ञान यांना त्यांनी आपापल्या वर्गात सारख्याच काळजीने बसवले. आपल्या आवडीनिवडी त्यांनी सूचीत येऊ दिल्या नाहीत, हेच तिचे मोठे नैतिक बळ आहे. सप्रे यांनी परीक्षण निर्भीड कसे असावे ते दाखवले आणि दाते यांनी नोंद निरपवाद कशी असावी ते दाखवले. लहान पुस्तकाला या दोघांचीही गरज आहे, आणि एकाचे काम दुसऱ्याच्या नियमाने केले तर दोन्ही बिघडतात.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवण्याची जबाबदारी टाकली, आणि १९५८ पासून त्या जमेवर आधारलेली भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. सर्व भारतीय भाषांतील पुस्तकांची नावे तीत रोमन लिपीत दिली जात, त्यामुळे ज्या वाचकासाठी पुस्तक लिहिले गेले त्याला ती सूची परकीच राहिली. कायदा मोडल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत इतकाच असल्याने त्याचा धाक कोणाला वाटला नाही, आणि लहान प्रकाशकांपैकी अनेकांना तो ठाऊकच नव्हता.

भिलाईत कारखाना उभा राहत असतानाच, १९५८ मध्ये, गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक. गजानन माधव यांनी मात्र हिंदीचा मार्ग धरला. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संग्रहातील सात कवींत मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोन मराठी भाषक होते, आणि तो संग्रह मुळात कवींच्या परस्पर सहकारातून निघावा अशी योजना होती. पुढे हिंदी नवकवितेचा पाया ठरलेले पुस्तक असे लहान प्रकाशनाच्या वळणाने जन्माला आले. मुक्तिबोधांचा स्वतंत्र कवितासंग्रह त्यांच्या हयातीत निघालाच नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह त्याच वर्षी त्यांच्या पश्चात आला. १९६२ मध्ये त्यांचे ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक मध्य प्रदेश सरकारने बंदी घालून काढून टाकले. शिफारशीच्या यादीत असणे आणि त्या यादीतून जाणे, हे दोन्ही पुस्तकाच्या गुणांपलीकडच्या कारणांनी ठरू शकते, याचा हा जवळचा दाखला आहे.

परीक्षक म्हणून मुक्तिबोधांची वागणूकही अभ्यासण्याजोगी आहे. जयशंकर प्रसादांच्या ‘कामायनी’वर त्यांनी वर्षानुवर्षे विचार करून १९६१ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यात त्या काव्याशी कठोर वैचारिक मतभेद मांडताना त्याची काव्यशक्ती नाकारली नाही. हिंदी कवी दिनकर यांच्या ‘उर्वशी’ या काव्यावर भगवतशरण उपाध्याय यांनी केलेली जहाल टीका हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकाने छापली, तेव्हा त्या मासिकाने इतर साहित्यिकांचीही मते मागवून १९६४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्या चर्चेत मुक्तिबोधही उतरले. कठोर परीक्षण छापल्यावर उत्तराला तितकीच जागा देणे हा संपादकाचा धर्म आहे, आणि लहान पुस्तकाच्या बाबतीत तो अधिक काटेकोरपणे पाळायला हवा, कारण त्या लेखकाला उत्तर देण्यासाठी दुसरे व्यासपीठ नसते.

याच दशकांत मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ झाली. थोड्या प्रतींची, बहुधा संपादकाच्याच खिशातून निघणारी ही नियतकालिके १९५५ च्या ‘शब्द’पासून पुढे दीड-दोन दशके निघत राहिली, आणि १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी मुंबईत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. अंक जाळणे हे परीक्षण नव्हे. मात्र एका मासिकाने स्वीकारले तरच लेखक अस्तित्वात येतो, ही स्थिती साहित्याला घातक आहे, हे त्यांचे म्हणणे खरे होते. औरंगाबादेहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांच्या पुस्तकांना ज्या आस्थेने जागा दिली, तिने फुल्यांच्या काळापासून राहिलेली एक उणीव काही अंशी भरून काढली.

छत्तीसगढातल्या मराठी लेखनाला या सर्व घडामोडींचा लाभ फारसा मिळाला नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगढ मध्य प्रदेशात राहिला. रायपूर व नागपूर यांच्यातले वाङ्मयीन दळणवळण त्यामुळे राज्याच्या सीमेने कापले गेले. डिसेंबर १९८१ मध्ये गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली रायपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ही मोठी घटना होती, पण संमेलनाने कायमची नोंदवही तयार होत नाही. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथांची यादी ग्रंथालयांच्या खरेदीशी जोडलेली असल्याने तिला पैशाचे मोल आले आहे. यादी आणि खरेदी एकत्र आली की पोच ही शिफारस बनते आणि यादीत जागा मिळवण्यासाठी धडपड सुरू होते. पुस्तकाला दिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानक क्रमांकाचेही तसेच आहे: तो क्रमांक पुस्तकाची ओळख पटवतो, गुणवत्तेची साक्ष देत नाही, तरी अनेक संस्था त्याला पात्रतेची अट करतात आणि क्रमांक न घेतलेले प्रामाणिक पुस्तक विनाकारण बाहेर राहते.

भिलाईसारख्या वसाहतीत, जिथे लेखक, प्रकाशक, परीक्षक आणि वाचक एकाच कारखान्यात नोकरीला किंवा एकाच सेक्टरात शेजारी असू शकतात, तिथे या नीतीची खरी कसोटी लागते. अशा लहान वर्तुळात परीक्षण मऊ होते, कारण उद्या पुन्हा भेटायचे असते, आणि नोंद मात्र अपुरी राहते, कारण ज्याच्याशी भेट होत नाही त्याचे पुस्तक आठवत नाही. म्हणजे जे कडक असायला हवे ते सैल पडते आणि जे सर्वांसाठी खुले असायला हवे ते ओळखीवर चालते. याला उपाय नवा शोधावा लागत नाही. परीक्षकाने लेखकाशी असलेले नाते परीक्षणातच लिहावे, प्रस्तावना लिहिणाऱ्याने त्याच पुस्तकाचे परीक्षण लिहू नये, न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये, आणि ज्याचे परीक्षण करणे शक्य नाही त्या पुस्तकाची पोच तरी अवश्य द्यावी.

या शेवटच्या कामाची निकड अलीकडे वाढली आहे. १८६७ चा कायदा रद्द करून आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. तो नियतकालिकांपुरता असून पुस्तके त्याच्या कक्षेबाहेर आहेत, त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षे कायद्याच्या पुस्तकात असलेली पुस्तक-नोंदणीची तरतूद आता उरलेली नाही. चार ग्रंथालयांना प्रती पाठवण्याचा १९५४ चा कायदा मात्र अजून लागू आहे. भिलाई, रायपूर आणि राजनांदगाव येथील मराठी संस्थांनी व वाचनालयांनी आपल्या भागात छापलेल्या प्रत्येक मराठी पुस्तकाची, मग ते सोळा पानांचे असले तरी, नाव, लेखक, मुद्रक, वर्ष, पृष्ठे, प्रतींची संख्या आणि किंमत यांसह नोंदवही ठेवावी, आणि लेखकांनी प्रसिद्धीनंतर तीस दिवसांच्या आत चार प्रती त्या चार ग्रंथालयांना पाठवाव्यात.